दोन बनियन घालणाऱ्या मुलास

या आठवड्याचे पत्र साताऱ्याहून आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देत आहे.

«मी अकरावी सायन्सला आहे. वय सोळा, उंची १७० सेंटीमीटर. आठवीपासून वर्गात मला जाडीवरून एका नावाने हाक मारायचे. ते नाव इथे लिहीत नाही. दहावीची परीक्षा संपल्यावर जिम लावली. तेव्हा वजन ७५ किलो होते, पाच महिन्यांत ६२ वर आले. सकाळी साडेचारला उठून जिमला जातो आणि क्लास सुटल्यावर संध्याकाळी पुन्हा जातो. भाकरी आणि भात पूर्ण बंद केला आहे, रात्री फक्त पावडर घेतो. एवढे करूनही छाती बाहेर दिसतेच, आणि उजव्या बाजूला दाबले की दुखते. म्हणून शर्टाच्या आत दोन बनियन घालतो. मे महिन्यात मामाच्या गावी सगळे विहिरीवर पोहायला गेले, मी पोट दुखते म्हणून घरीच थांबलो. रोज सकाळी पोटाचा आणि छातीचा फोटो काढून ठेवतो. हल्ली उठताना चक्कर येते, केस गळतात, घरात सगळ्यांवर चिडतो आणि रात्री अंथरुणात पडून खाण्याचे व्हिडिओ पाहत बसतो. जिममधला एक दादा म्हणतो, ही छाती व्यायामाने जाणार नाही, इंजेक्शनचा एक कोर्स कर, तीन महिन्यांत कट दिसतील. मला पोलीस भरतीत उतरायचे आहे. कोर्स करावा का? घरी यातले काही माहीत नाही. वडिलांना सांगायची हिंमत होत नाही.»

प्रिय मित्रा,

कोर्स करू नकोस. तुझा हा प्रश्न पत्राच्या शेवटी आला आहे, परंतु बाकीच्या गोष्टींवर निवांतपणे विचार करता येईल आणि या एका बाबतीत घाई झाली तर ती निस्तरणे फार अवघड जाईल, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. पैसे देऊन झाले असतील तर ते गेले असे समज. एखादे इंजेक्शन घेऊन झाले असेल आणि ते पत्रात लिहायचा धीर झाला नसेल, तरीही येथेच थांब आणि डॉक्टरांना ते स्पष्टपणे सांग, कारण ते लपवले तर पुढची तपासणी चुकीच्या दिशेने जाऊ शकते.

आता तुझ्या छातीबद्दल, कारण माझ्या मते तुझ्या साऱ्या धडपडीचे मूळ तेथे आहे. मुलगा वयात येतो तेव्हा त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढू लागते हे तू जीवशास्त्रात शिकला असशील, पण पुरुषाच्या शरीरात थोडे इस्ट्रोजेनही तयार होत असते, आणि या वर्षांत दोघांचे प्रमाण काही काळ डळमळीत राहते. त्या काळात स्तनाग्राच्या मागची ग्रंथी थोडी वाढते, कधी एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना, आणि दाबले की ती दुखते. डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येणाऱ्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांना हे कमीअधिक प्रमाणात होते आणि बहुतेकांच्या बाबतीत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. तुझ्या वर्गात जितके मुलगे आहेत त्यांतल्या कितीतरी जणांनी हे सोसले असेल किंवा आज सोसत असतील, पण कोणीही ते दुसऱ्याला सांगत नाही, आणि म्हणून प्रत्येकाला वाटते की हे आपल्या एकट्याच्याच वाट्याला आले. तू जे वर्णन केले आहेस ते या प्रकाराशी बरेच जुळते. ग्रंथी ही चरबी नसते. त्यामुळे धावून, उपाशी राहून किंवा छातीचा व्यायाम दुप्पट करून ती जात नाही. उलट तुझे तेरा किलो वजन उतरल्यावर आजूबाजूची चरबी कमी झाली आणि ग्रंथीच अधिक नजरेत भरू लागली, असे झाले असण्याची शक्यता आहे. पाच महिने तू स्वतःला जी शिक्षा दिलीस ती कदाचित अशा गोष्टीसाठी होती, जिच्यावर त्या शिक्षेचा काही परिणामच होणार नव्हता.

मात्र हे निदान पत्रातून करता येत नाही, आणि मी ते करणार नाही. डॉक्टर हाताने तपासतात तेव्हा चरबी आणि ग्रंथी यांतला फरक त्यांच्या बोटांना कळतो. चरबी सगळीकडे सारखीच मऊ लागते, तर ग्रंथी स्तनाग्राच्या बरोबर मागे थोड्या घट्ट चकतीसारखी लागते. ते वृषणांची वाढ वयाप्रमाणे आहे की नाही हेही पाहतील. त्या वेळी अवघडल्यासारखे होईल, पण हा या तपासणीचा नेहमीचा भाग आहे आणि दिवसभरात त्यांच्याकडे अशी अनेक मुले येत असतात. गाठ कडक असेल, झपाट्याने वाढत असेल, त्यावरची कातडी ओढली जात असेल किंवा स्तनाग्रातून पाणी येत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. दोन वर्षांनंतरही सूज तशीच राहिली आणि ती खरोखरच मोठी असली तर शस्त्रक्रियेचा मार्ग असतो, पण त्याचा विचार करण्याची वेळ तुझ्यावर आज आलेली नाही.

तो दादा अर्धे खरे बोलला, म्हणूनच त्याचे बोलणे तुला पटले असावे. ही छाती व्यायामाने जाणार नाही, हा भाग बरोबर असू शकतो. पुढचा भाग घातक आहे. जिममध्ये ज्याला कोर्स म्हणतात त्यात बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच जातीचे स्टेरॉइड असते. बाहेरून असे जादा टेस्टोस्टेरॉन शरीरात आले की त्यातल्या काही भागाचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये होते, आणि इस्ट्रोजेन तीच ग्रंथी वाढवते जी तुला नको आहे. ज्यासाठी कोर्स घ्यायचा तीच तक्रार त्याने वाढू शकते, आणि या वेळची वाढ आपोआप ओसरेलच असे नाही. शिवाय रक्तात एवढे हार्मोन आधीच फिरते आहे असे पाहून मेंदू वृषणांना काम थांबवण्याचा संदेश देतो. ती आकुंचन पावतात, शुक्रजंतू कमी होतात, आणि कोर्स बंद केल्यावर शरीराचे स्वतःचे काम पुन्हा रुळावर यायला महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. त्या दिवसांत मन इतके खचते की केवळ त्यासाठी मुले पुन्हा सुई घेतात. यकृत, हृदय, रक्तदाब, चेहरा आणि पाठ भरून येणारे मुरूम, अकारण उसळणारा संताप हे सगळे मोठ्या माणसांनाही चुकत नाही. तुझ्या वयात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या अजून उघड्या असू शकतात, त्या अशा औषधाने वेळेआधी मिटतात आणि उंची तेथेच थांबते. ज्याला भरतीच्या मैदानात उभे राहायचे आहे त्याने हे नीट समजून घ्यावे. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने परवानगी नाही. जी बाटली चिठ्ठीशिवाय हातात येते तिच्यात नेमके काय आहे हे त्या दादालाही ठाऊक नसते, आणि एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची भीती वेगळीच.

आता तुझ्या जेवणाविषयी. तू लिहिले आहेस की उठताना चक्कर येते, केस गळतात, चिडचिड होते आणि रात्री खाण्याचे व्हिडिओ पाहावेसे वाटतात. या शेवटच्या गोष्टीची तुला लाज वाटत असावी, कारण ती तू वाक्याच्या अगदी टोकाला लिहिली आहेस. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. ३६ धडधाकट तरुण आपणहून त्यात सहभागी झाले आणि त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे समजून घेण्यासाठी तो होता. त्या तरुणांना चक्कर येऊ लागली, केस गळू लागले, थंडी सोसेना, ती माणसे चिडखोर आणि एकलकोंडी झाली, आणि दिवसरात्र त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरे काही राहिले नाही. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसत. ते मनाने दुबळे नव्हते, त्यांचे शरीर उपाशी होते. तुझेही तसेच आहे. रात्री अंथरुणात तू जे पाहतोस ती तुझी हाव आहे असे समजू नकोस. वाढत्या वयाचे शरीर हक्काची भाकरी मागते आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयोगटातील मुलाला दिवसाला सुमारे ३३०० किलोकॅलरी ऊर्जा आणि ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. ही गरज घरातल्या मोठ्या माणसांपेक्षाही अधिक आहे, आणि तू दोन वेळच्या जिमसह निम्म्यानेही खात नसशील अशी मला शंका आहे. प्रथिनांची तुला फार काळजी दिसते, म्हणून एका साध्या दिवसाचा हिशेब मांडून दाखवतो. सकाळी ज्वारीची एक भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध घेतले तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने झाली, कारण भाकरीतही सहा-सात ग्रॅम असतात, हे त्या व्हिडिओवाल्यांना माहीत नसते किंवा ते सांगत नाहीत. दुपारच्या डब्यात दोन भाकऱ्या आणि वाटीभर मटकीची उसळ असेल तर आणखी वीस. क्लासला जाताना मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाल्लास तर सात. रात्री वरण-भात आणि वाटीभर दही घेतलेस की आकडा साठच्या पुढे जातो. व्यायाम करणाऱ्याला थोडे अधिक लागते, ते आणखी एका वाटी उसळीने, एखाद्या अंड्याने किंवा रविवारच्या रश्श्याने सहज भरून निघते. अंडी चालत नसतील तर हरभरे आहेत, पनीर आहे, अख्खा मसूर आहे, आणि आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा तर भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. घरच्या स्वयंपाकघरात हे सारे असताना तू पॉकेटमनी साठवून डबे विकत घेतोस, याचे मला मनापासून वाईट वाटते. चमचाभर पावडरीत जेवढी प्रथिने असतात तेवढी तीन अंडी आणि एक पेला दुधात मिळतात. पावडर म्हणजे विष नव्हे, पण ती जेवणाच्या जागी घेण्याची वस्तू खचितच नाही.

भाकरी आणि भात यांवर तुझा एवढा राग का, हे मला समजते. हल्ली प्रत्येक मोबाइलवर पिष्टमय पदार्थांना शत्रू ठरवणारा कोणीतरी बोलत असतो. पण स्नायू ज्या इंधनावर चालतात ते प्रामुख्याने याच पदार्थांतून येते. ते मिळाले नाही तर शरीर प्रथिने जाळते, म्हणजे महागड्या पावडरीचा काही भाग तू स्नायू बांधण्याऐवजी चुलीत घालतोस. उद्यापासून रात्री एक भाकरी सुरू कर. पहिले काही दिवस पोट जड वाटेल आणि वजन एक-दीड किलोने वाढलेले दिसेल. ते बहुतांशी पाणी असते, त्याने घाबरून पुन्हा उपवास धरू नकोस.

तुझ्या पत्रात व्यायामाविषयी जे काही आहे ते सगळे शरीराच्या विरोधात केलेले आहे, आणि मला तुला जे सांगायचे आहे ते एवढेच की व्यायाम शरीराच्या बाजूने करता येतो. व्यायाम सोड असे मी म्हणणार नाही. जिमला गेल्याने उंची खुंटते हा समजही खरा नाही. योग्य पद्धतीने आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केलेला ताकदीचा व्यायाम तुझ्या वयात चांगलाच असतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सुचवते. तू रोज दोनदा जातोस. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, तो नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत भरतो, आणि वाढीच्या हार्मोनचा मोठा वाटा गाढ झोपेतच स्रवतो. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी, आणि साडेचारला उठणारा मुलगा क्लास आणि जिम करून रात्री किती वाजता झोपत असेल याचा अंदाज मला करता येतो. संध्याकाळची जिम आजच बंद कर, सकाळचा गजर साडेसहावर ने, आणि चक्कर थांबून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत चालण्यापलीकडे काही करू नकोस.

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड करून, ताकदीचा व्यायाम पुरे. साताऱ्यात राहणाऱ्या मुलाला त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. जोर आणि बैठका यांनी या जिल्ह्यातील पैलवानांच्या पिढ्या उभ्या केल्या आहेत. हात खांद्याएवढ्या अंतरावर टेकवून कंबर वर उचलायची, डोके हातांच्या मधून खाली नेत छाती जमिनीलगत, पण जमिनीला न टेकवता, पुढे काढायची आणि पाठ उचलत वर यायचे. असा एक जोर नीट काढला तर छाती, खांदे, दंड आणि पोट एकदम कामाला लागतात. आरंभी आठ-दहा जोर आणि वीस बैठका, मध्ये दम घेऊन, असे तीनदा केलेस तरी भरपूर होईल, आणि आकडा दर आठवड्याला थोडा थोडाच वाढव. तालमीत जाऊन वस्तादांना विचारलेस तर ते तुझी चूक हाताने दुरुस्त करतील, जे व्हिडिओ करू शकत नाही. तालमीचा आणखी एक फायदा मला महत्त्वाचा वाटतो. तेथे सगळे लंगोटावर असतात. कोणाचे पोट सुटलेले असते, कोणाचे खांदे अरुंद असतात, कोणाची छाती तुझ्यासारखी असते, आणि मातीत उतरल्यावर कोण कसा दिसतो याकडे लक्ष द्यायला कोणालाही फुरसत नसते. उरलेल्या दिवसांपैकी दोन-तीन दिवस शाहू स्टेडियमवर धाव, अजिंक्यताऱ्यावर चढ किंवा मित्रांबरोबर कबड्डी खेळ. एक दिवस काहीच करू नकोस.

भरतीचे म्हणशील तर महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटीमीटर आणि छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर लागते, आणि ती फुगवल्यावर किमान ५ सेंटीमीटरने वाढावी लागते. हे फुगणे श्वासाचे आणि बरगड्यांचे असते. मैदानात १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक होते. पोटावरचे कट तेथे कोणी मोजत नाही. उंचीत तू आजच बसतोस, आणि अठरा पूर्ण व्हायला तुझ्याकडे अजून अवधी आहे. त्या काळात ज्याने पोटभर खाऊन दम आणि पायांची ताकद वाढवली तो १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत पुढे असेल, आणि उपाशी पोटी कट कमावणारा त्याच फेरीत खाली बसलेला दिसेल. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देऊन परतले, ते ५७ किलोपर्यंतच्या बँटमवेट गटात. आज तुझे वजन त्या गटाच्या मर्यादेपेक्षा पाच किलोंनी जास्त आहे. त्यांचे नाव झाले ते चपळाईमुळे आणि डावांमुळे. तू ज्यांचे फोटो पाहतोस ती माणसे स्पर्धेच्या आधी पाणीसुद्धा तोडतात, फोटो काढण्याआधी वजने उचलून स्नायू फुगवतात आणि वरून एका बाजूने दिवा लावून घेतात. त्यांतल्या कित्येकांनी कोर्सही केलेले असतात. ते स्वतःही एरवी तसे दिसत नाहीत. शिवाय एकाच वर्गातली मुले वयात येण्याच्या बाबतीत चार-पाच वर्षांच्या अंतराने पुढेमागे असतात. उंची आधी वाढते, स्नायू मागाहून भरतात, आणि पुरुषाचे शरीर विशीच्या सुरुवातीपर्यंत रुंदावत राहते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला मिशी फुटून दोन वर्षे झाली असतील, तर त्याच्या खांद्यांशी तुझ्या खांद्यांची तुलना करणे अन्यायाचे आहे.

रोजच्या फोटोंचे फोल्डर आज पुसून टाक. एका दिवसात पोटात जो फरक दिसतो तो पाण्याचा, जेवणाचा आणि उजेडाचा असतो, आणि रोज तपासणाऱ्या डोळ्याला फरक सापडतोच, कारण तो तेच शोधायला बसलेला असतो. वजन महिन्यातून एकदा कर. अंघोळीच्या वेळी छाती चिमटीत धरून पाहण्याची सवय असेल तर तीही सोड, वारंवार दाबल्याने ती अधिक दुखते. मोबाइलवर तसले व्हिडिओ समोर आले की ते नको असल्याचे त्या ॲपला सांगता येते. आठवडाभर चिकाटीने सांगत राहिलास तर बरेच कमी होतील.

आता त्या नावाविषयी, जे तू लिहिले नाहीस. आपल्याकडे मुलाच्या जाडीवर किंवा बारीकपणावर बोलणे हा थट्टेचा विषय मानला जातो; वर्गात, लग्नात, अगदी घरच्या जेवणाच्या पंगतीतही त्यावर हसले जाते, आणि मुलग्याने ते हसून सोडून द्यावे अशी अपेक्षा असते. तू ते सोडून देऊ शकला नाहीस, यात तुझे काही चुकले नाही. आठवीतल्या मुलाला रोज कमी लेखले गेले तर त्याला आपल्या शरीराचा तिटकारा येऊ लागतो, आणि वजन उतरले तरी तो तिटकारा राहतो. ६२ किलो हे तुझ्या उंचीला योग्य वजन आहे, तरी आरशात तुला आठवीतलाच मुलगा दिसतो आहे. आपले शरीर पुरेसे पिळदार नाही या विचाराने माणसाचा दिवस व्यापला जाणे, त्यापायी पोहणे, पाहुणे, अभ्यास टाळला जाणे, याला मानसोपचारतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात स्वतंत्रपणे ओळखले आणि २०१३ पासून त्यांच्या एका प्रमुख निदानपुस्तिकेतही त्याची नोंद आहे. तुला ते झाले आहे असे मी म्हणत नाही. पण दोन बनियन, विहिरीवर न जाणे, रोजचे फोटो आणि दोन वेळची जिम या चार गोष्टी एकत्र पाहिल्या तर कोणाशी तरी बोलण्याची वेळ आली आहे, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. मन फार खाली गेले, जगणे नकोसे वाटू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच रात्री तो लाव आणि आईला उठव.

वडिलांना कसे सांगावे, हे तू विचारले नाहीस, पण अडचण तीच आहे. ते मारतील किंवा ओरडतील याची तुला भीती आहे, की ते हसतील याची, हे पत्रावरून कळत नाही. माझा अनुभव असा आहे की मुलगा शरीराच्या दुखण्याविषयी बोलला तर वडील ऐकतात, आणि दिसण्याविषयी बोलला तर ते गोंधळतात व गोंधळून काहीतरी टाकून बोलतात. म्हणून सुरुवात दुखण्यापासून कर. «बाबा, मला उठताना चक्कर येते आणि छातीत एका बाजूला गाठीसारखे दुखते, मला डॉक्टरांकडे न्या,» एवढे सांगितलेस तरी आज पुरे. बाकीचे डॉक्टरांसमोर सांग, किंवा वडिलांना दोन मिनिटे बाहेर बसायला सांगण्याची विनंती डॉक्टरांना कर. ती ते मान्य करतात. तोंडाने सांगवत नसेल तर आईला हे पत्र आणि त्याखालचे उत्तर वाचायला दे.

ज्या वडिलांना वा आईला हे वाचताना आपल्याच मुलाची आठवण झाली असेल त्यांना एक विनंती करतो. मुलगा भाकरी नको म्हणतो, उन्हाळ्यात अंगावरचा शर्ट काढत नाही, जिम चुकली की दिवसभर अस्वस्थ होतो, असे दिसले तर त्याच्या शिस्तीचे कौतुक करण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि बरा आहेस ना एवढे विचारा. त्याच्या खोलीत सुई किंवा औषधाची बाटली सापडली तर आरडाओरडा न करता ती घेऊन थेट डॉक्टर गाठा.

आणि तू, मित्रा, पुढच्या आठवड्यातली एक सकाळ यासाठी मोकळी ठेव. घरचे डॉक्टर असतील तर त्यांच्याकडे जा, नसतील तर सिव्हिलमध्ये किशोरवयीन मुलांसाठीच्या मैत्री क्लिनिकची चौकशी कर. तेथे तुझ्या वयाच्या मुलांशी बोलण्याची सवय असलेली माणसे असतात आणि तपासणीचा खर्च परवडणार नाही ही भीती नको. रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजायला सांग, हिमोग्लोबिन तपासून घ्यायचे का ते विचार. जाताना पावडरीचा डबा बरोबर ने आणि त्या दादाने औषधाचे जे नाव सांगितले असेल ते कागदावर लिहून ने.